सोल्यानाचं दुसरं नाव

ही गोष्ट खरी आहे.

सगळेच असं म्हणतात आणि पुढे थापा मारतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून ठेवते. लेतेकिदान माझी मावसबहीण. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. दोन्ही मी रोज बघते. ज्याला खोटं वाटतं त्याने आमच्या शहरात, मेकेलेला यावं, मी स्वतः त्याला तिच्या घरी नेईन. ती कॉफी पाजेल. डाव्या हाताने ओतते ती आता.

दिवस होता आमच्या पंचांगातल्या हिदार महिन्याच्या तेरा तारखेचा. सात वर्षं झाली. जागा म्हणजे गेराल्ताच्या डोंगरात, कड्याच्या पोटात कोरलेलं देवदूत मिकाएलचं एक चर्च. नेमकं कुठलं ते सांगत नाही. लोक श्रद्धेने जातात, जाऊ देत.

आणि वेळ...

भुताखेताचं म्हटलं की लोकांना रात्र लागते. इथे रात्र नाही. सहा वाजले होते. आमच्याकडे तास सूर्योदयापासून मोजतात; आमचे सहा, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर.

भर दुपारी घडलं हे सगळं.

पहाटेच मेकेलेहून निघाली होती मंडळी. लेतेकिदानचा नवरा केलाली जीप चालवत होता, मित्राची मागून आणलेली. शेजारी त्याचा धाकटा भाऊ म्रुत्स. मागे सासू, अदेय ब्रिख्ती. अदेय म्हणजे आई, पण त्यांना अख्खी गल्लीच अदेय म्हणायची. त्यांच्या बाजूला लेतेकिदान, आणि तिच्या मांडीवर सात वर्षांची सोल्याना. पायाशी मखमलीची नवी छत्री, सोनेरी झालर लावलेली. नवसाची.

खरं तर आदल्या दिवशी जायचं होतं. बारा तारीख मिकाएलच्या सणाची, त्या दिवशी डोंगरावर जत्रा असते. पण केलाली कामाच्या गडबडीत तारीखच विसरला.

"मिकाएल काय तुझा शिपाई आहे का रे?" अदेय मागून ओरडल्या. "आज जमत नाही, उद्या येतो म्हणायला?"

"चुकलं, अदेय. सहाव्यांदा सांगतोय."

"मग सातव्यांदा सांग. तोंड झिजत नाही तुझं."

म्रुत्स हसला. "उलट बरं झालं की. काल तिथे मुंगीला शिरायला जागा नसेल. आज मिकाएल एकटाच बसलाय. आपलं गाऱ्हाणं निवांत ऐकेल."

"तुझं गाऱ्हाणं काय, मेल्या? सव्वीस वर्षांचा घोडा झालास, अजून लग्न नाही."

"तेच तर सांगणार आहे त्याला. वहिनी, तुझ्या ओळखीत कुणी बहिरी मुलगी आहे का? अदेयसोबत दुसरी कुणी टिकणार नाही."

सगळे हसले. अदेयसुद्धा. लेतेकिदान मला सांगते, त्या घराचं एवढं मोकळं हसणं तिने त्यानंतर कधी ऐकलं नाही.

नवस कशाचा, तेही सांगते.

सोल्यानाच्या आधी तिला दोन मुलं झाली. पहिला मुलगा अकरा दिवसांत गेला. बाप्तिस्माही झाला नव्हता त्याचा. मग मुलगी झाली, रीशान. गोरीगोमटी, टपोऱ्या डोळ्यांची. ऐंशीव्या दिवशी बाप्तिस्मा झाला, सगळ्या गल्लीला जेवण दिलं. पाचव्या महिन्यात ताप आला. तीन दिवस रडून रडून तिचा घसा बसला, आणि गेली.

आमच्यात प्रत्येकाला दोन नावं असतात. एक हाक मारायचं. दुसरं बाप्तिस्म्याचं. ते दुसरं नाव देवाच्या दारातलं. प्रार्थनेत केशी, म्हणजे आमचे धर्मगुरू, तेच नाव घेतात. माणूस गेला की त्याच नावाने त्याला निरोप देतात. ते नाव परक्याला सांगत नाहीत. ज्याच्या हाती नाव, त्याच्या हाती माणसाचा लगाम.

रीशानचं ते नाव जेवणाच्या दिवशी कौतुकाने चारचौघांत घेतलं गेलं होतं. अदेयनेच घेतलं होतं. कुणीतरी त्याचा वापर केला, असं लेतेकिदानच्या मनाने घेतलं. म्हणून सोल्यानाच्या वेळी तिने शहाणपण केलं. बाप्तिस्म्याला फक्त ती, केशी, आणि धर्माई म्हणून माझी आई. नाव कुणालाच सांगितलं नाही. सासूला नाही, नवऱ्यालाही नाही. नवस बोलली, ही सात वर्षांची होऊ दे, तुझ्या पायाशी आणते, छत्री वाहते. केशी पुढे वारले. माझी आईही गेली.

म्हणजे ते नाव आता एकाच माणसाला ठाऊक होतं.

"आज तरी सांग गं लेकीचं नाव," केलाली आरशातून बघत म्हणाला. "बाप आहे मी तिचा. शेजारी नाही."

"तिचं लग्न होऊ दे. मग सांगते."

"तोपर्यंत मी मेलो तर?"

"मग काय करायचंय तुला नाव?"

तो हसला. चांगला माणूस आहे तो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आवाज चढवून बोललेलं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याशी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते, म्हणजे तुमचे सकाळचे अकरा. कालच्या जत्रेच्या खुणा होत्या, पण माणूस नव्हतं. एका झोपडीबाहेर एक म्हातारी कॉफीचे दाणे भाजत बसली होती.

"किल्ली केशींकडे आहे," ती म्हणाली. "ते पलीकडच्या गावात मयताच्या जेवणाला गेलेत. येतील. बसा, कॉफी घ्या."

"किती वेळ लागेल?" केलालीने विचारलं.

"ऊन कललं की येतील. तोवर वर जाऊ नका. सहाच्या वेळी वर कुणी जात नाही."

"का?"

"नाही जात," म्हातारी म्हणाली, आणि दाणे हलवायला लागली.

पहिला कप झाला. केलालीची चुळबुळ सुरू झाली. जीप संध्याकाळी परत द्यायची होती. वर जाऊन सावलीत थांबू, केशी येतील मागून, असं त्याने ठरवलं आणि उठला. अदेय पुटपुटल्या. कॉफीच्या तीन फेऱ्या होतात, तिसरीत आशीर्वाद असतो. पहिल्या कपावर उठून जाणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. पण केलाली तोवर वाटेला लागला होता.

म्हातारीने न भरलेले कप उपडे घातले.

चढ कठीण होता. शेवटी चपला काढून, दगडात कोरलेल्या खाचांत बोटं रोवत जावं लागतं. अदेय सत्तरीच्या, पण शेळीसारख्या चढल्या. म्रुत्सने सोल्यानाला नेत्सेलाने, म्हणजे आपल्या पांढऱ्या सुती शालीने, पाठीला बांधलं. छत्री केलालीच्या खांद्यावर होती.

"काका, खाली बघू?"

"बघ की. पण डोळे मिटून बघ."

वर कड्याला चिकटून एक अरुंद ओटा आहे. चार पावलं रुंद. एका बाजूला चर्चचं लाकडी दार. दुसऱ्या बाजूला काही नाही. सरळ खाली दरी.

तिथे पोचल्यावर लेतेकिदानला पहिल्यांदा जाणवलं...

आवाज नव्हता.

कड्यात नेहमी कबुतरं घुमतात. वारा शिट्टी घालतो. तिथे काहीच नव्हतं. तिला स्वतःच्या श्वासाचा आवाज मोठा वाटायला लागला.

आणि दार...

दार उघडं होतं.

"बघा!" केलाली म्हणाला. "किल्ली म्हणे केशींकडे. म्हातारीला कॉफी खपवायची होती."

"फुकट पाजली तिने," लेतेकिदान म्हणाली. पण ते तिघं आत शिरलेही होते. म्रुत्सने खाली उतरवलेल्या सोल्यानाचा हात धरून तीही उंबऱ्यापर्यंत गेली.

आत अंधार. दगडी खांब. भिंतींवर मोठ्या डोळ्यांचे संत. आतल्या पडद्याजवळ कुणीतरी पोथी वाचत होतं, पुटपुटत. शब्द लागत नव्हते. धूप रोज जळतो अशा जागी वास मुरलेला असतो. तिथे धुपाचा वास नव्हता. ओल्या मातीचा होता.

पुटपुटणं थांबलं.

पांढऱ्या शालीत गुंडाळलेला एक उंच माणूस त्यांच्याकडे वळला. शाल नाकापर्यंत ओढलेली.

"अबा, आशीर्वाद द्या," म्हणत अदेय पुढे झाल्या. कपाळ पुढे केलं. केशी हातातला क्रूस कपाळाला लावतात, मग ओठांना. अदेय तशाच वाकून थांबल्या...

क्रूस आलाच नाही.

त्याचे हात शालीतच होते.

"नावं सांगा," तो म्हणाला. "प्रार्थनेत घेतो."

यात वावगं काहीच नव्हतं. केशी नावं विचारतातच. अदेयने आपलं बाप्तिस्म्याचं नाव सांगितलं. मग केलालीचं. मग म्रुत्सचं. ती नावं मी इथे लिहीत नाही. त्याने प्रत्येक नाव हळूच पुन्हा म्हटलं, तोंडात घोळवल्यासारखं.

"सुनेचं?"

अदेय अडखळल्या. "सुनेचं... थांबा हं अबा. काय बाई तुझं? अकरा वर्षं झाली, पण माझ्या काही लक्षात राहत नाही."

लेतेकिदान दुखावली. अकरा वर्षं या बाईचे पाय चेपले, आणि हिला माझं नाव ठाऊक नाही! डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिने मान खाली घातली. मान खाली घातली म्हणून तिला दिसलं...

त्याच्या पायात चपला होत्या.

चर्चमध्ये चपला. लहान पोरही उंबऱ्याबाहेर चपला काढतं. केशी तर मेला तरी असा उभा राहणार नाही. चपलांना ओली माती चिकटली होती. त्या कोरड्या डोंगरावर कोसभर पाणी नव्हतं.

तिने सोल्यानाचा हात घट्ट धरला.

"आणि मुलीचं?" तो म्हणाला.

"ते हिलाच माहीत," अदेय म्हणाल्या. "सांग गं. अबा विचारतायत."

"सोल्याना," लेतेकिदान म्हणाली.

"ते नाही."

"तिला एकच नाव आहे."

"ते नाही," तो पुन्हा म्हणाला. रागाने नाही. वाट बघायला भरपूर वेळ असलेल्या माणसासारखं.

तिने सोल्यानाला ओढलं आणि बाहेर ओट्यावर आली. "केलाली, चला! आत्ताच्या आत्ता खाली चला!"

"अगं, काय वेडेपणा..."

तेवढ्यात आतून हाक आली. अदेयचं दुसरं नाव.

"ओ, अबा," अदेयने ओ दिली.

आणि त्या गुडघ्यांवर बसल्या. प्रार्थनेत करतात तसा साष्टांग नमस्कार घातला. कपाळ जमिनीला लागलं. उठल्या. पुन्हा वाकल्या. पुन्हा...

कपाळ दगडावर आपटल्याचा आवाज आला.

पुन्हा.

पुन्हा.

म्रुत्स धावला. "अदेय! अदेय, काय करतेस?" खांदे धरून ओढलं तर हलेनात. जमिनीतून उगवल्यासारख्या. त्या वाकत होत्या आणि आपटत होत्या, न थांबता. तिसऱ्या-चौथ्या वेळेला रक्त उडून म्रुत्सच्या सदऱ्यावर आलं. तोंडाने त्या "प्रभू, दया कर" म्हणत होत्या, आणि दर वेळी एक दात कमी झाल्यासारखे शब्द फुटत होते.

केलाली आईकडे वळला. तेव्हा त्याची हाक आली.

त्याने नकळत ओ दिली. कुणी हाक मारली की आपण देतोच ना?

मग तो बाहेर आला.

लेतेकिदान सांगते, चेहरा त्याचाच होता. डोळेही त्याचेच. फक्त त्या डोळ्यांना ती ओळखीची नव्हती.

"तिचं नाव सांग," तो म्हणाला.

"केलाली, मी आहे..."

त्याने दाराशी टेकवलेली नवसाची छत्री उचलली. जाड लाकडी दांड्याची. पहिला फटका तिच्या उजव्या हातावर बसला, ज्या हाताने तिने सोल्यानाला धरलं होतं. बोटांची हाडं मोडल्याचं तिला ऐकू आलं. तिने हात सोडला नाही. दुसरा बसला. तिसरा बसला. झालरीचे सोनेरी धागे तिच्या तोंडावर उडत होते.

"नाव."

"नाही."

दांडा मोडला. त्याने दगड उचलला. तिने सोल्यानाला पाठीमागे कड्याशी दाबलं आणि डोकं वळवलं, म्हणून दगड कपाळावर न बसता कानावर बसला. कानात शिट्टी वाजली, मग काहीच नाही. त्या बाजूचं जग तिथेच बंद झालं.

"नाव."

सोल्याना किंचाळत होती, "बाबा, नको! बाबा!" आणि तिचा बाबा पुन्हा दगड उगारत होता.

म्रुत्सने मागून झडप घातली. दोघं भाऊ ओट्यावर कोसळले. म्रुत्स अंगाने किरकोळ, पण जिवाच्या कराराने भिडला. मनगटाला चावला, दगड हिसकून दरीत फेकला. केलालीने त्याचं डोकं धरून कड्यावर आपटलं. तरी त्याने मिठी सोडली नाही.

"पळ वहिनी! पोरीला घेऊन पळ!"

आणि आतून हाक आली. म्रुत्सचं दुसरं नाव.

"म्रुत्स, ओ देऊ नकोस!" ती ओरडली. "काही झालं तरी ओ देऊ नकोस!"

त्याने तिच्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. तोंड रक्ताने माखलेलं, ओठ घट्ट मिटलेले.

दुसरी हाक आली. त्याचं सगळं अंग थरथरलं. पण तोंड उघडलं नाही. दिवसभर ज्याचं तोंड मिटत नसे, त्या पोराने दात असे आवळले की जबडा पांढरा पडला.

मग तिसरी...

तिसरी हाक अदेयच्या आवाजात आली.

बारीक, रडवेली. लहानपणी पडून लागलं की आई हाक मारते तशी.

"ओ, अदेय," म्रुत्स म्हणाला.

त्याने भावाला सोडलं. उठला. सदरा झटकला. घरातून अंगणात उतरावं तसं ओट्याच्या कडेवरून एक पाऊल टाकलं.

ओरडला नाही. खूप वेळाने खालून आवाज आला, पोतं पडल्यासारखा.

आता मधे कुणी नव्हतं. लेतेकिदान सरपटत वाटेकडे निघाली होती, पण केलालीने सोल्यानाला पकडलं. दंडाला धरून उचललं. कडेशी गेला आणि हात लांब केला.

सोल्याना हवेत लोंबत होती. खाली दरी. ती आता ओरडतही नव्हती. नुसती आईकडे बघत होती.

"नाव," केलाली म्हणाला. आणि त्याच क्षणी चर्चच्या आतूनही तोच शब्द आला, त्याच आवाजात.

त्याची बोटं एकेक करून सुटायला लागली.

लेतेकिदानला समजलं होतं. नाव नाही दिलं तर पोर खाली जाईल. दिलं तर हाक येईल, आणि सात वर्षांची मुलगी ओ देईलच. एक बोट सुटलं. दुसरं सुटलं.

आणि तिने नाव सांगितलं.

रीशानचं.

रीशानचं बाप्तिस्म्याचं नाव. नऊ वर्षांपूर्वी पुरलेल्या लेकीचं. तेही लेकीचंच नाव होतं. खोटं नव्हतं. म्हणून ते त्याला चाललं असेल.

केलालीचा हात थांबला.

आतला आवाज ते नाव तोंडात घोळवत राहिला. मग त्याने हाक मारली. एकदा.

काही झालं नाही.

दुसऱ्यांदा मारली. अदेयचं आपटणं थांबलं होतं. सगळं शांत. लेतेकिदानला वाटलं, फसलं ते. मेलेलं माणूस कुठे ओ देतं?

तिसऱ्यांदा हाक आली, आणि...

खालून, वाटेच्या वळणावरून, बाळाचं रडणं ऐकू आलं.

घसा बसलेलं रडणं.

तिने ते ओळखलं. तीन दिवस, तीन रात्री ऐकलं होतं. रडणं चढण चढून येत होतं, कुणी कडेवर घेऊन येत असावं तसं. वाटेवर कुणी नव्हतं. रडणं ओट्यावर आलं. तिच्यापाशी आलं.

आणि क्षणभर थांबलं.

बाळाने आईला ओळखलं की रडायचं थांबतं, तसं.

मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्याने, आणि उंबरा ओलांडून आत गेलं.

दार लागलं.

केलालीने सोल्यानाला जवळ ओढलं आणि मटकन खाली बसला. त्याने मनगटावरची चावल्याची खूण बघितली. सोललेले हात बघितले. मग बायकोचं रक्ताळलेलं तोंड बघितलं.

"अगं, तुला काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "कुणी मारलं तुला?"

खरे केशी तासाभराने आले. किल्ली त्यांच्या गळ्यात होती, आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. त्यांनी ते उघडलं तेव्हा आत अदेय कपाळ जमिनीला टेकून पडल्या होत्या. धुगधुगी होती. दोन दिवसांनी, नाताळाआधीचे उपास सुरू झाले त्या सकाळी, त्या गेल्या.

केशींनी काहीही समजावून सांगितलं नाही. चर्चमध्ये असं कसं होईल, हेही ते म्हणाले नाहीत. फक्त लेतेकिदानजवळ उकिडवे बसून विचारलं, "ओ कुणी कुणी दिली?"

तिने सांगितलं. शेवटची सांगितली नाही.

पोलिसांत दरड कोसळल्याची नोंद आहे. केलालीलाही तेच ठाऊक आहे. तो अजून तिच्यासोबत राहतो, तिची काळजी घेतो, कानाच्या डॉक्टरांकडे नेतो. त्याला काही आठवत नाही. फळीवरचं मीठ काढायला त्याने हात वर केला की ती दोन पावलं मागे सरते. का सरते, ते त्याला कळत नाही, आणि ती सांगत नाही. सोल्यानाही नाही. ती बापाजवळ एकटी बसत नाही, एवढंच.

आता मूळ गोष्ट सांगते. इतके दिवस मी लपवून ठेवलेली.

रीशानसाठी लेतेकिदान प्रार्थना घालायला जाते. तीन चर्चमध्ये गेली. केशी मृतांची नावं वाचतात. तिची चिठ्ठी हातात येते, ते थबकतात, आणि पुढचं नाव घेतात. एकाला तिने जाब विचारला. म्हातारा होता, दिसत कमी होतं त्याला. म्हणाला, "बाई, चिठ्ठी कोरी आहे." कोरी नव्हती. मीच लिहून दिली होती.

मी तिला म्हणायचे, लेते, सोड आता. पोर केव्हाच गेलेली. मेलेल्या लेकराला काय कळतंय? जिवंत वाचली ना तुझी?

तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायची की मला माझीच लाज वाटायची.

कारण दवाखान्यात पहिल्या दिवशी मी तिच्याजवळ होते. नर्सने रक्ताचे कपडे बदलायला घेतले. झगा पुढून ओला होता. रक्ताने नाही. नर्सने दोनदा बघितलं. सोल्यानाचं दूध तोडून पाच वर्षं झाली होती, आणि लेतेकिदानला पान्हा फुटला होता.

"बाळ कुठे आहे?" नर्सने सहज विचारलं. "आणा त्याला. भूक लागली असेल."

लेतेकिदान जी रडली, तशी ती दीर डोळ्यांसमोर गेला तेव्हाही रडली नव्हती.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. चार ठिकाणी दाखवलं. काही सापडत नाही.

सात वर्षं झाली. अजूनही रोज दुपारी, सहाच्या सुमाराला, ती हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. झगा बदलून बाहेर येते. मी एकदा विचारलं, थांबत का नसेल गं हे?

"रडत असेल ना ती," लेतेकिदान म्हणाली. "त्याशिवाय कसं येईल दूध?"